कर्णिक डॉक्टरांची एकच घाई

माझ्या हनुवटीवर डाव्या बाजूला एक बारीकसा खड्डा आहे. दाढी करताना पातं तिथं अडखळतं आणि मला कर्णिक डॉक्टर आठवतात. खरं म्हणजे त्या खड्ड्याशी त्यांचा काही संबंध नाही. तो मी मोखाड्याला जायच्या आधी मुरुम फोडून माझ्याच नखांनी केलेला आहे. डॉक्टरांनी तो पहिल्याच भेटीत पाहिला आणि म्हणाले, "हा आता राहील जन्मभर. बाकीचे मी सांभाळतो."

आणि बाकीचे त्यांनी सांभाळले.

जव्हार संस्थान विलीन होऊन थोडाच काळ लोटला होता. मी मोखाड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. वय कोवळं आणि तोंडभर मुरुम. नुसते मुरुम नव्हेत, लाल, ठणकणाऱ्या गाठी. फळ्याकडे तोंड असलं की बरं वाटायचं, वर्गाकडे वळलो की मुलं टक लावून बघायची. एका मुलानं तर अगदी काळजीनं विचारलं, "गुर्जी, तुमाला देवी आल्यात का?" त्या डोंगरात देवीची साथ सगळ्यांनी पाहिलेली होती, मुरुम मात्र एवढे कुणी पाहिले नव्हते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ दवाखान्यात गेलो.

कर्णिक डॉक्टर उंच आणि किंचित वाकलेले होते. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी. आधी ते जव्हारला संस्थानच्या दवाखान्यात होते. विलीनीकरणानंतर संस्थानचे नोकर मुंबई सरकारकडे गेले, तशी त्यांची नेमणूक मोखाड्याला झाली. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत आणि स्वतःच्या हातानं भात आणि डाळ शिजवून खात.

मी आत गेल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. म्हणाले, "हात दाखवा."

मी हात पुढे केले. त्यांनी टेबलाच्या खणातून कात्री काढली आणि माझी नखं कापायला सुरुवात केली. एकेक बोट धरून, सावकाश, आई लहान मुलाची कापते तशी. मी अवघडून गेलो. मग त्यांनी हात धुतले, मला खिडकीशी खुर्चीवर बसवलं, माझी हनुवटी उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ बघत राहिले. माझ्या तोंडाकडे इतका वेळ, किळस न करता, कुणी पाहिलं नव्हतं.

"आतापर्यंत काय काय लावून झालं?"

मी यादी सांगितली. दुधात उगाळलेलं जायफळ. हळद आणि साय. मसुराचं पीठ. तुरटी. लिंबू. मावशीनं सांगितलेला चुना, ज्यानं गाल भाजला होता. ते एकेका नावाला मान डोलवत होते. ही यादी ऐकणं त्यांना फार आवडायचं. प्रत्येकाच्या घरचे उपाय ते लक्ष देऊन ऐकत आणि कधी कुणाची थट्टा करत नसत. माझी यादी संपल्यावर एवढंच म्हणाले, "लिंबू आजपासून सरबतात. चुना पानात. बाकीचं स्वयंपाकघरात परत पाठवा."

मग त्यांचा स्वतःचा उपाय. तो इतका साधा होता की माझी निराशाच झाली. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी आणि साधा साबण, पण घासायचं नाही. निजताना गंधकाचं औषध, तेही ते स्वतः खलात घोटून करत. डोक्याला तेल कमी, कपाळाला अजिबात नाही. खोलीतला आरसा उतरवून ठेवायचा. आणि हात लावायचा नाही.

"किती दिवसांत जातील?" मी विचारलं.

"दिवसांत नाही, महिन्यांत. घाई असेल तर दुसरीकडे जा. घाईवर माझ्याकडे औषध नाही."

हे वाक्य मी पुढे कितीतरी जणांना सांगताना ऐकलं. लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाला, नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणाला, सगळ्यांना. लग्न झालं की मुरुम जातात असं कुणी म्हणालं तर ते म्हणत, "वय वाढलं की जातात. लग्न मध्येच होतं, म्हणून श्रेय त्याला मिळतं."

मोखाड्यासारख्या ठिकाणी डॉक्टरला काम काही कमी नव्हतं. हिवताप, सर्पदंश, अडलेली बाळंतपणं, झाडावरून पडून मोडलेले हात. ते सगळं ते नीट करत. पण मुरुमांचा रोगी आला की त्यांची खुर्ची पुढे सरकायची. ठाण्याहून तपासणीला आलेले एक साहेब एकदा त्यांना हसले, इतक्या क्षुल्लक गोष्टीत वेळ कसला घालवता म्हणाले. मी तिथंच होतो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "साहेब, तापानं माणूस मरतं, म्हणून त्याच्याकडे सगळे बघतात. ह्यानं कुणी मरत नाही, नुसतं खाली मान घालून जगतं. त्याच्याकडे कोण बघणार?"

एकदा सूर्यमाळची एक बाई मुलीला घेऊन आली होती. एप्रिल-मेचे दिवस. मुलीच्या कपाळावर आणि गालांवर पुटकुळ्या उठलेल्या. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, दिवसातून दोनदा तोंड धुवायचं. डोंगरातली माणसं सगळ्यांशीच एकेरी बोलतात. बाई म्हणाली, "डाक्तर, दोनदा तोंड धवाया सांगतास. पानी दरीतून आनतू आमी. त्या पान्यात तोंड धवू का नागली शिजवू?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मुलीच्या कपाळाला मोहाच्या बियांचं तेल चोपडलेलं होतं. त्यांनी ते फक्त केसांपुरतं ठेवायला सांगितलं, ओल्या फडक्यानं तोंड टिपलं तरी चालेल म्हणाले, आणि दोघींना भाकरी खाऊ घालून पाठवलं. त्या दिवसापासून सूर्यमाळकडचं कुणीही आलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पाणी कुठून आणता?" मग रोग कुठलाही असो.

असा हा सावध, कुणाला न घाबरवणारा, वाट बघायला लावणारा माणूस. त्यांना एकच वेड होतं, नव्या भारताचं. विलीनीकरणाबद्दल संस्थानातले जुने नोकर बहुतेक कुरकुर करत. आमचं छोटं होतं पण आपलं होतं, म्हणत. डॉक्टर मात्र म्हणायचे, "आता आपण मुंबईचे झालो. मुंबईत जे आहे ते आता इथंही यायला पाहिजे. आपल्या पोरांनी जुनंच औषध का म्हणून घ्यायचं?" गंधक वेळेवर यायचं नाही, बाटल्या फुटून यायच्या, तरी त्यांचा विश्वास ढळला नाही. मुंबईच्या वैद्यकीय मासिकाचे जुने अंक ते गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचत.

सुमनबाई आमच्याच शाळेत मुलींना शिकवायच्या. जव्हारच्या, संस्थानच्या कचेरीतल्या एका कारकुनाची मुलगी; डॉक्टर तिथं असल्यापासून त्यांना लहानपणापासून ओळखत. माझे मुरुम त्यांच्यापुढे काहीच नव्हते. जबड्याच्या दोन्ही कडांना मोठाल्या गाठी, एक बसली की दुसरी वर यायची आणि जाताना वण ठेवून जायची. पदर तोंडाजवळ धरायची त्यांना इतकी सवय झाली होती की डाव्या हातानं पदर आणि उजव्या हातानं खडू, असंच त्या शिकवत. आवाज मात्र सुंदर. त्या कविता म्हणायला लागल्या की शेजारच्या वर्गातली माझी मुलं गप्प बसून ऐकत.

दोन-तीन स्थळं त्यांना बघून परत गेली होती. एका मुलाच्या आईनं तर तोंडावर विचारलं होतं, हा रोग पसरणारा आहे का.

डॉक्टर त्यांच्यावर उपचार करत होते. साबण, गंधक, वाट बघणं. फरक पडत होता, पण गोगलगायीच्या चालीनं. माझ्या गाठी एव्हाना बसल्या होत्या. त्यांच्या बसत, पुन्हा येत. डॉक्टर दर वेळी म्हणत, "कमी होतंय सुमन. वय आपल्या बाजूला आहे. आणखी एक-दोन वर्षं." त्या मान डोलवत. एके दिवशी मात्र त्यांनी मान डोलवली नाही. मी औषध आणायला गेलो होतो, बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं.

त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही म्हणता ते खरं आहे. हे जाणार. पण हे जाईल तेव्हा माझं वयही गेलेलं असेल."

मग आतून नुसता खलात गंधक घोटल्याचा आवाज येत राहिला.

त्याच सुमारास डॉक्टर एका नव्या उपचाराबद्दल बोलायला लागले. त्यांचा एक वर्गमित्र मुंबईत त्वचेचा खाजगी दवाखाना चालवत होता आणि त्याच्याकडे क्ष-किरणांचं यंत्र होतं. ठरावीक अंतरानं चेहऱ्यावर थोडे थोडे किरण सोडायचे. तेलाच्या ग्रंथी आटतात, गाठी येणं थांबतं. तेव्हा हा उपचार जगभर चालत होता, मोठमोठ्या दवाखान्यांत. यात लपूनछपून काही नव्हतं. मासिकात आधीचे आणि नंतरचे फोटो छापून आलेले होते. डॉक्टर ते फोटो मला दाखवत.

"जखम नाही, दुखत नाही, डाग नाही," ते म्हणाले. "आणि मी इथं बसून हिला गंधक घोटून देतोय."

मी विचारलं, "पण तुम्ही तर म्हणता घाई नको."

"ती पन्नाशी उलटलेल्या माणसाची अक्कल झाली," ते म्हणाले. "ती पोरगी रोज वर्गात उभी राहते."

मित्रानं उपचार फुकट करायचं कबूल केलं. डॉक्टर स्वतः रजा टाकून सुमनबाई आणि त्यांच्या वडिलांना मुंबईला घेऊन गेले. खोडाळ्याच्या किराणा दुकानदाराचा मुलगा यशवंत, त्याच्याही चेहऱ्याचे हाल होते. त्यालाही बरोबर घेतलं. पहिल्या खेपेनंतर दोघं आपापली जाऊन येत राहिली.

सुमनबाईंचा चेहरा आधी उन्हात करपल्यासारखा लाल झाला. मग कातडी सुटली. आणि मग खालून जे वर आलं ते बघून अख्खं मोखाडं थक्क झालं. जुने वण होते, पण गाठ एकही नाही. कातडी तांदळाच्या पिठासारखी कोरडी, मऊ. त्या पदर खांद्यावर टाकून बाजारातून चालत गेल्या. एवढ्या साध्या गोष्टीकडे बघायला लोक दुकानातून बाहेर आले.

डॉक्टरांना इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ते शाळेत आले, आमच्या हेडमास्तरांना म्हणाले, "बघा, आपण मुंबईचे झालो की नाही." वर्षाच्या आत सुमनबाईंचं लग्न ठरलं. नाशिककडचं चांगलं घर. डॉक्टर लग्नाला गेले आणि जावयाच्या पंक्तीत बसून जेवले, हे ते पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

मध्ये काही वर्षं गेली. मी मोखाड्यातच होतो. सुमनबाईंना एक मुलगा झाला. दिवाळीला त्या माहेरी जव्हारला आल्या की मोखाड्याला येऊन डॉक्टरांना नमस्कार करून जात. एका दिवाळीला त्या आल्या तेव्हा मी आणि डॉक्टर ओसरीवर बोलत बसलो होतो. त्यांनी वाकून नमस्कार केला, वर बघून हसल्या, आणि डॉक्टरांचं बोलणं मध्येच थांबलं.

हसताना त्यांचे गाल हलत नव्हते. ओठ तेवढे हलले.

"आत ये," डॉक्टर म्हणाले.

खिडकीशी तीच खुर्ची. मी दारात उभा होतो, त्यांनी मला जायला सांगितलं नाही, बहुधा मी आहे हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. जबड्याच्या दोन्ही बाजूंची कातडी पातळ, चकचकीत, ताणून बसवल्यासारखी झाली होती. तिच्यात केसाएवढ्या तांबड्या शिरांचं जाळं उमटलं होतं. आणि उजव्या कानाखाली, करंगळीच्या नखाएवढी, एक जखम.

"ही कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून. कानातलं लागलं होतं. भरतच नाही. तुमचं गंधक लावू का, काका?"

डॉक्टर म्हणाले, "नको. काही लावू नकोस."

ते मागे सरले आणि टेबलाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "सुमन, हे त्या किरणांनी झालंय. कातडी आतून जळलीय, ती आता दिसायला लागली. मी तुला नेलं होतं."

त्या म्हणाल्या, "मीच म्हणाले होते ना, वय जाईल म्हणून."

"तू म्हणायचंच होतंस. नाही म्हणायचं काम माझं होतं."

"काका, मला घर मिळालं. मुलगा आहे. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडाकडे बघून बोलले. ते काय खोटं होतं?"

त्या डॉक्टरांची समजूत काढत होत्या, आणि समजूत त्यांचीच काढायला हवी होती, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही कळत होतं.

जखमेचा कर्करोग होऊ नये म्हणून पुढे मुंबईला शस्त्रक्रिया करून तेवढा भाग काढला आणि मांडीची कातडी तिथं लावली. जखम भरली, चेहरा मात्र एका बाजूला ओढला गेला. त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली, पण कविता म्हणणं सोडलं. ओठ एका बाजूला नीट मिटत नव्हते, शब्द निसटायचे. हे मला त्यांच्या वडिलांनी सांगितलं. डॉक्टरांना सांगू नका, असंही म्हणाले. मी नाही सांगितलं. पण त्यांना ठाऊक असावं.

डॉक्टरांनी मासिकं वाचणं बंद केलं. मुंबईच्या मित्राला त्यांनी सगळं कळवलं. मित्राचं म्हणणं पडलं की असं क्वचित होतं, सगळ्यांनाच होत नाही, काळजी करू नये. त्यावर डॉक्टर मला म्हणाले, "क्वचित म्हणजे कोण, हे त्याला माहीत नाही. मला माहीत आहे. तिला मी खांद्यावर घेऊन खेळवलंय." मुरुमांची पोरं अजून येत. डॉक्टर त्यांची नखं कापत, गंधक देत. फक्त "बाकीचे मी सांभाळतो" हे म्हणायचे नाहीत.

आणि यशवंतचं काय, हा प्रश्न त्यांना बसू देईना. तो खोडाळ्याला बापाचं दुकान चालवत होता. चेहरा गुळगुळीत, लग्न झालेलं, मजेत. त्याला काही सांगायची गरज होती का? मी म्हणालो, "कदाचित त्याला काहीच होणार नाही. उगाच घाबरवायचं कशाला?" दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं. डॉक्टर म्हणाले, "त्याला उन्हात बसू नको म्हणून कोण सांगणार? जखम झाली तर लवकर दाखव म्हणून कोण सांगणार?"

ते खोडाळ्याला गेले. मला बरोबर घेतलं, बहुधा एकट्यानं जायचा धीर होत नव्हता म्हणून. दुकानाच्या ओट्यावर बसून त्यांनी यशवंतला सगळं सांगितलं, सुमनबाईंचं सुद्धा. "चूक माझी आहे," म्हणाले. "दर वर्षाला मला चेहरा दाखवत जा. आज एकदा बघू दे."

यशवंतचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. तो हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, मी बरा आहे. मला कायबी झालेलं नाही. आता तुम्ही हे सांगून गेलात, की मी रोज आरशापुढं उभा राहणार. माझी बायको आत ऐकतेय. तुम्ही आधी आमचा इलाज केला, आता आमची झोप घालवायला आलात काय?" आणि मग, "उठा तुम्ही. पुन्हा माझ्या ओट्यावर चढू नका."

डॉक्टर उठले. टोपी सारखी केली आणि माझ्याबरोबर गाडीची वाट बघत उभे राहिले. वाटेत एवढंच म्हणाले, "त्याचं बरोबर आहे."

पण ते पुन्हा गेले. निवृत्त झाल्यावर ते मोखाड्यातच राहिले होते, जव्हारला परत गेले नाहीत. खोडाळ्याचा बाजार भरला की ते तिकडे जात, दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे एक चहावाला बसायचा, त्याच्या बाकावर बसत. ओट्यावर चढत नसत. तिथून यशवंतच्या चेहऱ्याकडे बघत राहत. लांबून त्यांना काय दिसत असेल कोण जाणे, नजर अधू झालेली होती. यशवंत त्यांच्याकडे पाठ करी, नाहीतर आत निघून जाई. बाजारातल्या लोकांना वाटे, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. डॉक्टर संध्याकाळच्या गाडीनं परत येत आणि मी विचारलं तर म्हणत, "आज तरी काही दिसलं नाही."

माझी बदली शहापूरला झाली. निघालो तो दिवस खोडाळ्याच्या बाजाराचा होता आणि मोखाड्यापासून खोडाळ्यापर्यंत डॉक्टर माझ्याच गाडीत होते. उतरताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मुलांना मारू नका," म्हणाले. एवढंच. छत्री टेकत ते रस्त्यापलीकडच्या बाकाकडे गेले.

गाडी बाकाजवळच बराच वेळ थांबायची, टपावर गोणी चढवायच्या असत. मी खिडकीतून बघत होतो. यशवंत दुकानात तांदूळ मापत होता. त्यानं डॉक्टरांना पाहिलं, पाठ केली. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं माप खाली ठेवलं, आतून एक लाकडी स्टूल आणलं, रस्ता ओलांडला आणि ते बाकासमोर भर उन्हात ठेवून त्यावर बसला. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली.

"बघा," तो म्हणाला. "लवकर बघा, गिऱ्हाईक खोळंबलंय." नाकाच्या कडेला, गालावर कुठंतरी त्यानं बोट टेकवलं. "हे काय आहे, सांगा."

डॉक्टर उठले. खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला. मग यशवंतच्या चेहऱ्यावर वाकले, इतके जवळ की त्यांच्या टोपीची कड त्याच्या कपाळाला लागली. यशवंतनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात गाडी सुटली. वळणापर्यंत मी मान वळवून बघत होतो. डॉक्टर अजून तसेच वाकलेले होते, यशवंतची हनुवटी बोटानं उजेडाकडे वळवत.